विजेच्या गाडीतून माकणीला

गेल्या जानेवारीत आम्हाला माकणीला जावे लागले. माकणी हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले गाव. तेरणा नदीवरचे निम्न तेरणा धरण इथेच आहे, म्हणून त्याला लोक माकणीचे धरणच म्हणतात. आमची थोरली आत्या या गावात दिलेली. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. गुडघे धरल्यामुळे एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. भाड्याची मोटार करावी तर जाऊन-येऊन सातशे किलोमीटरचे पैसे ऐकूनच बसायला होते. तेव्हा आमचा भाचा म्हणाला, "मामा, आपली गाडी कशाला आहे? मी आणतो आजीला."

हा भाचा येरवड्याच्या वस्तीत राहतो आणि भाड्याची मोटार चालवतो. पूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आता कर्ज काढून स्वतःची घेतली आहे, तीही विजेवरची. टाटांची टियागो, चोवीस युनिट वीज मावेल अशा बॅटरीची. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. (घरच्या वापराच्या गाडीची अक्षरे पांढरी असतात, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले.) महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो. गाडी चालली तरच हप्ता निघतो. त्यामुळे ती कुठे, कितीला आणि किती वेळात भरते याचा विचार त्याला झोपेतही सुटत नाही. चार दिवस त्याच्यासोबत राहून तो विचार आम्हालाही चिकटला. तोच आज वाचकांपुढे मांडतो आहोत, कारण आपल्या वस्त्यांतली कितीतरी तरुण मुले रिक्षा आणि टॅक्सीवर आहेत आणि उद्या त्यांच्या घरातही हाच विषय निघणार आहे.

आधी थोडे समजून घेऊ. बॅटरीत वीज एकाच दिशेची, म्हणजे डी.सी. राहते. आपल्या घरात येते ती ए.सी. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली की गाडीच्या पोटातले लहानसे यंत्र ए.सी.ची डी.सी. करत बसते. त्याला रात्र लागते. रस्त्यावरच्या 'फास्ट' चार्जिंग स्टेशनात हेच काम बाहेरचे कपाटाएवढे मोठे यंत्र करते आणि जाड केबलमधून थेट बॅटरीत वीज सोडते. केबलच्या टोकाच्या मुठीला सगळे ड्रायव्हर 'गन' म्हणतात. आपल्या मोटारींना आता बहुतेक ठिकाणी सी.सी.एस.-२ ही एकाच नमुन्याची गन चालते, हे एक बरे झाले. गन एक आहे, पण दुकाने अनेक आहेत. गोंधळ तिथून सुरू होतो.

टाटा पॉवरची 'ईझी चार्ज' ही या धंद्यातली जुनी आणि मोठी साखळी. रिलायन्स आणि ब्रिटनच्या बीपी कंपनीची मिळून 'जिओ-बीपी पल्स'. गुरुग्रामची स्टॅटिक, वडोदऱ्याची चार्जझोन, कोइमतूरची झिऑन. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्या आपापल्या पंपांवर यंत्रे बसवतात. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने या तिघींना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले होते. आपल्या महावितरणचीही स्टेशने आहेत. या प्रत्येकाचे मोबाईलमधले अॅप वेगळे, दर वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी पैसे आधी भरून ठेवायचे पाकीटही वेगळे. भाच्याच्या मोबाईलमध्ये आम्ही मोजली तर सात अॅपे निघाली. चार पाकिटांत मिळून सहाशे-साडेसहाशे रुपये अडकलेले. कुठे साठ, कुठे दोनशे दहा. "मामा, हे माझेच पैसे, पण मला खर्चता येत नाहीत. गन त्यांचीच लावली तर खर्चतील," तो म्हणाला. रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाचे सहाशे रुपये असे पडून राहणे म्हणजे काय, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. आदल्या रात्री नगर रस्त्यावरच्या एका स्टेशनात दीड तास उभे राहून त्याने बॅटरी शंभर टक्के केली होती. कंपनीने २०२२ साली ही गाडी आणली तेव्हा एका भरण्यात ३१५ किलोमीटरचा आकडा सांगितला होता. तो आकडा चाचणीतला. हमरस्त्यावर माणसे बसवून, सामान घेऊन चालवली की दोनशेच्या अलीकडेच हिशेब संपतो. भाचा सत्तरच्या वर काटा जाऊ देत नव्हता. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. थंडी होती म्हणून ए.सी. बंद. भिगवणला उजनीचे पाणी उजाडता उजाडता दिसले. पाण्यावर धुके आणि कडेला हिवाळ्यातले पक्षी. एरवी आम्ही गाडी थांबवली असती. पण भाच्याचे डोळे रस्त्यावर कमी आणि टक्क्यांवर जास्त होते, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

इंदापूरच्या अलीकडे नकाशावर एक हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे यंत्र चालू आणि मोकळे. पोचलो तो एका बंद धाब्याच्या आवारात यंत्र उभे, पडदा काळा, गनवर कोळ्याची जाळी. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही. यंत्रावर लिहिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत नम्रपणे म्हणाली, आमच्याकडे तर ते चालू दिसते आहे. आम्ही यंत्रासमोर उभे राहून सांगतो आहोत की बंद आहे, आणि ती दिल्लीकडे कुठेतरी बसून सांगते आहे की चालू आहे! भाचा चिडला नाही. "हे रोजचं आहे. म्हणून मी वीस टक्क्यांच्या खाली जायच्या आत पहिला ठिपका गाठतो. पहिला मेला तर दुसऱ्यापर्यंत जाता आलं पाहिजे," असे म्हणून त्याने गाडी वळवली.

दुसरा ठिपका टेंभुर्णीला, पंचवीसेक किलोमीटर पुढे. बारा टक्के उरले असताना पोचलो. इथे पेट्रोल पंप चालू, शेजारी चहाची टपरी आणि पंपावरचा एक पोरगा यंत्राची देखभाल करणारा. अॅप चालेना तेव्हा त्याने यंत्राच्या मागचे लाल बटण फिरवून यंत्र बंद-चालू केले, आणि चालू झाले. तासाभरात ऐंशी टक्के. सतरा युनिट, एकवीस रुपये दराने ३५७ रुपये, वर अठरा टक्के जी.एस.टी., एकूण ४२१ रुपये.

या चहाच्या टपरीवर भाच्याने आम्हाला या धंद्यातल्या खुब्या सांगितल्या. मोठ्या यंत्राला भुलायचे नाही. यंत्रावर साठ किलोवॅट लिहिलेले असो की एकशेवीस, त्याच्या गाडीचा घसा पंचवीसच्या आसपासच आहे, ती तेवढेच पिणार. एकशेवीसच्या यंत्राला कुठे कुठे दर जास्त पडतो, आणि तिथे मोठ्या गाडीवाल्यांची रांग. आपल्याला तीसचे लहान यंत्र पुरते. एका यंत्राला दोन गन असतील आणि दोन्ही लागल्या तर वीज वाटली जाते. ऐंशी टक्क्यांनंतर थांबायचे नाही. घागर भरत आली की आपण नळ बारीक करतो, तशी गाडीच वीज हळू घेऊ लागते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठांएवढा वेळ जातो. गाडी भरून झाल्यावर गन तशीच ठेवली तर काही कंपन्या मिनिटाच्या हिशेबाने दंड लावतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ज्या ठिकाणी माणूस आहे तिथे जायचे. पंप असो, हॉटेल असो, एस.टी. स्टँडाशेजारचे आवार असो. चार रुपये जास्त गेले तरी चालेल. माणूस असेल तर यंत्र बंद पडलेले कुणाला तरी दिसते.

आम्ही विचारले, मग कंपन्यांत चांगली कोणती? तो हसला. म्हणाला, "मामा, कंपनी चांगली नसते, जागा चांगली असते. एकाच कंपनीचं एका गावात झकास चालतं आणि दुसऱ्या गावात सहा महिने बंद." त्याची एक वही आहे. कंपनीवार नाही, रस्त्यावार. नगर रस्ता, सोलापूर रस्ता, सातारा रस्ता. प्रत्येक ठिकाणापुढे तारीख, दर, आणि 'माणूस आहे' किंवा 'माणूस नाही'. सात अॅपांतून आम्हाला जे कळले नाही ते त्या चाळीस पानी वहीतून कळले.

सोलापुरात एका हॉटेलच्या आवारात गाडी लावली. आमच्या पुढे दोन गाड्या, म्हणून पाऊण तास रांग. तेवढ्यात भाकरी, शेंगाचटणी खाऊन घेतली. इथला दर एकोणीस. सोळा युनिट, करासह ३५९ रुपये. रांगेत पुढे उभे असलेले एक गृहस्थ मोठ्या गाडीचे मालक होते. बोलके होते. त्यांना हा दर महाग वाटत नव्हता, कारण ते वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर भरतात. एरवी गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये, घरच्या मीटरवर रात्री भरून निघते.

ही गोष्ट आमच्या मनात तिथेच अडकली. घरच्या विजेवर जी.एस.टी. नाही, राज्याचे विद्युत शुल्क असते. रस्त्यावरचे चार्जिंग ही 'सेवा' धरतात, तिच्यावर अठरा टक्के. गाडी विकत घेताना कर पाचच टक्के, यंत्र बसवणाऱ्यालाही पाच टक्के, आणि रोज वीज भरणाऱ्याला अठरा! ज्याच्या घराला पोर्च आहे त्याला किलोमीटरमागे रुपया-सव्वा रुपया पडतो. ज्याचे घर वस्तीत आहे, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला तीन रुपयांच्या वर. भाच्याच्या आधीच्या सी.एन.जी. गाडीला साडेतीन-चार रुपये पडत. म्हणजे कर्ज काढून नवी गाडी घेऊन त्याच्या पदरात किलोमीटरला आठाणे-रुपया पडला, आणि त्यातून रोजचा तासभर रांगेत गेला. तो तास म्हणजे एक भाडे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुणालाही आपल्या घरच्या चालू जोडणीवर गाडी भरता येते. पण त्यासाठी घरापाशी गाडी उभी राहायला जागा पाहिजे. बोळातून रस्त्यापर्यंत वायर ओढणे म्हणजे पोराबाळांच्या जिवाशी खेळ. भाच्याने एकदा केले होते, शेजारच्या म्हातारीने झाडूने झोडपले, बरोबरच केले.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात घरच्या विजेवर पाच टक्के कर आणि रस्त्यावरच्या चार्जिंगवर वीस टक्के, यावरून किती वर्षे ओरड चालू आहे. तिथे लोक त्याला फुटपाथवरचा कर म्हणतात, कारण तो ज्याला अंगण नाही त्यालाच बसतो. पण त्याच देशात फास्ट यंत्रे चालवणाऱ्या कंपनीला सरासरी ९९ टक्के वेळ यंत्रे चालू ठेवण्याचे बंधन २०२४ च्या नोव्हेंबरपासून घातले आहे. युरोपच्या संघात २०२४ च्या एप्रिलनंतर बसवलेल्या फास्ट यंत्रावर कोणतेही अॅप न घेता बँकेच्या कार्डाने पैसे देता आले पाहिजेत असा कायदा आहे. आपल्याकडे तर भाजीवालीपासून सगळ्यांकडे क्यू.आर. कोड चिकटलेला. काही स्टेशनांनी तो लावलाही आहे, मग सगळ्यांनी का लावू नये? केंद्र सरकारने २०२४ मध्ये पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगच्या सोयीसाठी २,००० कोटी ठेवले आणि २०२५ मध्ये सगळ्या साखळ्यांसाठी एकच अॅप करण्याचा विचारही बोलून दाखवला. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे. आमचा सोलापूर रस्ता त्या यादीत नाही. टोल भरतच गेलो.

वीज कुणाच्या हाती असावी, सरकारच्या की खाजगी कंपनीच्या, आणि ती गरिबाला परवडेल अशी कशी मिळावी, हा प्रश्न काही आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज त्याच खात्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी नेमका हाच प्रश्न ठेवला होता. मजूर खात्याच्या मंत्र्याने विजेचा विचार केला, कारण स्वस्त आणि मुबलक वीज मजुराच्या जगण्याशी बांधलेली आहे. सोलापूरच्या हॉटेलात शेंगाचटणी खाताना आम्ही हे भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मग त्यांनी ह्यातला जी.एस.टी. पाहिला असता तर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. असो.

नळदुर्गचा किल्ला लांबूनच पाहिला. पुढे हमरस्ता सोडून लोहाऱ्याकडे वळलो. इथून ठिपके संपले. सातही अॅपांचा नकाशा कोरा. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीतून निसवून कणसात आलेली, कुठे कुठे हुरड्याचा धूर. सास्तूर या भागातच. त्या नावासरशी आम्ही गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आठवडाभराने आम्ही पुण्याहून एका ट्रकमधून धान्य आणि चादरी घेऊन या रस्त्याने आलो होतो. दगड-मातीची घरे जागच्या जागी बसली होती. रात्री साऱ्या पट्ट्यात दिवा नव्हता. आमच्या ट्रकचे दिवे पाहून माणसे धावत आली होती, आणि दिवे विझवू नका म्हणाली होती. ड्रायव्हरने बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवून रात्रभर दिवे लावून ठेवले. आत्याचे घरही तेव्हा गेले. आताचे आहे ते भूकंपानंतरचे, दोन खोल्या, वर पत्रे.

संध्याकाळी पोचलो तेव्हा बॅटरी सत्तेचाळीस टक्के. म्हणजे अठ्ठ्याऐंशी-नव्वद किलोमीटर. परत सोलापूर गाठायला नव्वदच्या वर लागणार, आणि आत्याला घेऊन रस्त्यात बंद पडणे परवडणारे नव्हते. दवाखान्यात परवा सकाळी आठला हजर व्हायचे होते. तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. भाचा निवांत होता. कंपनीने दिलेली पंधरा अँपिअरची केबल डिकीत होती. "रात्रभर लावू, सकाळी शंभर."

अंगणात गाडीभोवती गर्दी झाली. "बॅटरीची म्हणं ही?" "आवाजच न्हाई की हिला!" "किती किलोमीटर जाती?" "अन् लाईट गेली मंग?" आतेभावाने सॉकेट दाखवले. केबल लावली. मधल्या डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. काढून लावली, पुन्हा लाल. दुसऱ्या खोलीत, पुन्हा लाल. भाच्याचा चेहरा उतरला. इंदापूरला चिडला नव्हता तो इथे घाबरला.

गावातल्या वायरमन पोराला बोलावले. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब आणला, ज्याला ते लोक टेस्ट लॅम्प म्हणतात. सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलला लावला, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थिंगला लावला, बल्ब ढिम्म. "मामा, अर्थिंगच न्हाई. तिसरं भोक नुसतं शोभंला हाय." गाडीची केबल शहाणी असते. अर्थिंग नसेल तर ती वीज घेतच नाही, कारण काही बिघाड झाला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल आणि हात लावणारा जाईल. आम्ही मनात म्हटले, या घरात वीज आल्यापासून मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटार सगळे असेच चालले आहे. पत्र्याचे घर, ओली जमीन, खेळणारी नातवंडे. आणि हे सांगायला पुण्याहून मोटार यावी लागली. आपल्या किती घरांत असे असेल? वाचकहो, आपल्या वायरमनला एकदा बल्ब घेऊन बोलवा. त्यासाठी मोटार असण्याची गरज नाही.

मग रात्री आठला अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा सुरू झाला. आतेभाऊ, त्याचा मुलगा, शेजारचे दोघे, भाचा. आम्ही कंदिलाऐवजी मोबाईल धरून उभे. काळी माती, खाली मुरूम. कुणीतरी जुना लोखंडी पाइप आणला, गिरणीवाल्याकडून कोळसा, दुकान उघडायला लावून जाडे मीठ. पाइपभोवती एक थर कोळशाचा, एक मिठाचा, वरून चार घागरी पाणी. वायरमनने पाइपपासून जाड तार सॉकेटपर्यंत आणली. आतली वायरिंग बारीक आहे, तीन किलोवॅट सलग आठ तास ओढले तर भिंतीत तापेल, म्हणून मेन स्विचपासून चार एम.एम.ची वेगळी वायर आणि वेगळा एम.सी.बी. त्याने लावला. हे ऐकायला साधे, पण हे काम जाणत्या माणसाचेच. फ्रिज आणि मोटार रात्रीपुरती बंद ठेवायची ठरली. पुन्हा बल्ब. फेज आणि अर्थिंग. या खेपेला लख्ख. केबल लावली, हिरवा दिवा. साडेदहा वाजले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्या बाजेवर बसून सगळे ऐकत होती, तिला दिसत तर नव्हते. म्हणाली, "पेटला का रं दिवा?"

रात्री दोनदा उठून पाहिले. गावठाणाची लाईन सिंगल फेजची, ती शेतीपंपाच्या पाळीसारखी जात नाही, तरी पहाटे तीनच्या सुमारास वीस मिनिटे अंधार झाला. आली तेव्हा गाडी आपोआप पुन्हा वीज घेऊ लागली. साडेसहाला शंभर टक्के.

सकाळी तासभर मोकळा होता म्हणून धरणावर गेलो. भिंतीवर उभे राहिले की एका बाजूला पसरलेले पाणी, दुसऱ्या बाजूला नदीचे मूळचे पात्र, बारीक. ही तेरणा पुढे मांजरेला मिळते. कोळी जाळी काढत होते. याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे त्या पाण्याकडे पाहून खरे वाटत नाही. आतेभाऊ म्हणाला, "पाण्याचं काय, असलं की दिसतंय असंच." टँकरच्या दिवसांत आत्या दीडशे हंड्यांच्या रांगेत नंबर लावून बसायची. काल सोलापूरच्या रांगेचे आम्ही सांगितले तेव्हा तिने विचारले होते, "मोटारीला बी हंड्यागत नंबर लावायचा व्हय?"

निघताना मीटरचे आकडे पाहिले. आदल्या रात्री लिहून ठेवले होते त्यापेक्षा पंधराने जास्त. आत्याच्या घरचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत, स्वस्त पायरीतला. म्हणजे शंभर रुपयांच्या आत-बाहेर. हीच वीज रस्त्यावर घेतली असती तर साडेतीनशेच्या पुढे. आतेभाऊ पैसे घेईना. भाच्याने शंभराच्या दोन नोटा त्याच्या धाकट्याच्या हातात कोंबल्या, वायर आणि मिठाचे वेगळे दिले. वायरमन पोराने मजुरी घेतली आणि गाडीत बसून धरणापर्यंत एक फेरीही मारून घेतली. आपल्या गावात असे एक सॉकेट बसवले, पत्र्याखाली, मीटर वेगळा, तर चालेल का, असे त्याने भाच्याला विचारले. भाच्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दिला. गावात विजेची मोटार एकही नाही, पण विजेच्या स्कूटर चार आहेत. धरण पाहायला लोक येतात. फार निघणार नाही, पण तोटाही नाही, असे उत्तर आले. नव्या पानावर भाच्याने लिहिले : माकणी, पंधरा अँपिअर, अर्थिंग आहे, माणूस आहे.

आत्याला मागच्या सीटवर उशा लावून बसवले. तिला आवाज नसलेली गाडी आवडली. चालू झाली की नाही ते कळत नाही, एवढीच तक्रार. सोलापुरात या खेपेला रांग नव्हती. टेंभुर्णीला तोच पोरगा होता. चार्जिंग होईस्तोवर त्याने आत्यासाठी खुर्ची आणली आणि चहा आणला. पुढे इंदापूर ओलांडल्यावर भाच्याने पैज लावल्यासारखा अॅप उघडून त्या धाब्याचा ठिपका दाखवला. अजून हिरवाच होता. गाडी हळू करून पाहिले. यंत्राचा पडदा काळा.

आत्याला काय चालले ते सांगितले. ती म्हणाली, "बंद हाय तर चिठ्ठी तरी लावावी. आमचा गिरणीवाला बी खडूनं लिहितोय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.